कम्फर्ट टायर बसवूनही गाडी आदळते, घुमते? या चुका टाळा

टूरिंग किंवा कम्फर्ट टायर एकाच कामासाठी बनवलेला असतो: लांबच्या प्रवासात रस्ता अंगावर येऊ नये. त्याची साईडवॉल, म्हणजे रिम आणि नक्षी यांच्यामधली टायरची बाजू, जरा लवचिक ठेवलेली असते, आणि नक्षीचे ठोकळे मुद्दाम लहानमोठे पाडलेले असतात, म्हणजे सगळ्यांचा आवाज एका सुरात मिळून गाडीत घुमत नाही. तरीही चारी टायर नवे घातल्यावर "काही फरकच पडला नाही" किंवा "आधीपेक्षा जास्त आदळते" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोष टायरचा असल्याचं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा तो हवेत, मापात किंवा फिटिंगमध्ये सापडतो.

मऊ टायर घ्यायचा आणि हवा भरून दगड करायचा

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच, म्हणून तिथूनच सुरुवात करा. टायरच्या साईडवॉलवर ४४ किंवा ५१ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असा आकडा छापलेला असतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीत तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही. गाडीचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. तिथे बहुधा दोन ओळी असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात.

स्टिकर ३३ सांगत असताना "मायलेज वाढेल" म्हणून ३९-४० भरली, की लवचिक साईडवॉलचा सगळा फायदा तिथेच संपतो. टायर मधोमध फुगतो, खड्ड्याची कड थेट सस्पेन्शनला धडकते आणि नक्षी मधूनच लवकर झिजते. उलट, आदळू नये म्हणून हवा २६-२७ वर आणणं जास्त धोक्याचं. साईडवॉल सतत वाकून तापते, दोन्ही कडा झिजतात, आणि मोठ्या खड्ड्यात रिम व रस्ता यांच्यामध्ये टायर चिमटला जाऊन आतले धागे तुटतात.

दाब मोजायचा तो गार टायरचा: गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा सावकाश दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी. महामार्गावर तासभर धावल्यावर दाब ३ ते ५ पीएसआय वाढलेला दिसतो. तो वाढणं अपेक्षितच आहे, म्हणून गरम टायरमधून हवा सोडून आकडा जुळवू नका. सकाळी तो टायर कमी हवेचा निघेल. तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब १ पीएसआयच्या आसपास उतरतो, शिवाय महिन्याला १-२ पीएसआय आपोआप कमी होतात. म्हणून महिन्यातून एकदा, आणि सामान-माणसांनी गाडी भरून निघण्याआधी हमखास तपासा. स्टेपनीही त्याच वेळी.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब योग्य असेल तर बसणाऱ्याला फरक कळणार नाही, आणि त्यात साधी हवा मिसळली तरी बिघडत नाही.

माप बदललं, की आराम कुठे जातो

१९५/६५ आर१५ ९१एच या मापात १९५ मिलिमीटर रुंदी आहे आणि साईडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर; आर१५ म्हणजे १५ इंची रिम. दिसायला बरं म्हणून २०५/५५ आर१६ घातला तर उंची ११३ वर येते; २२५/४५ आर१७ घातला तर १०१ वर. रिम मोठं झाल्यामुळे बाहेरचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, म्हणून वरून काही बिघडलेलं दिसत नाही. पण खड्डा झेलणारी रबराची गादी २६ मिलिमीटरने पातळ झाली. मग टायरच्या नावात कम्फर्ट लिहिलं असलं तरी तो कुठून देणार?

रिम तेच ठेवून २०५/६५ घालणाऱ्यांचा घोटाळा वेगळा. व्यास सुमारे २ टक्के वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा सुमारे २ टक्के जास्त वेगात असते, आणि पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरल्यावर टायर चाकावरच्या कमानीच्या आतल्या अस्तराला घासू शकतो.

शेवटचा ९१ म्हणजे एका टायरची भारक्षमता ६१५ किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. यांपैकी काहीही कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका. पण उगाच वरचं घेण्यातही अर्थ नाही. एक्सएल (एक्स्ट्रा लोड) शिक्क्याचा टायर जास्त भारासाठी असतो, त्याची बांधणी ताठ असते. गाडीला त्याची गरज नसताना तो घेणं म्हणजे थोडा कडकपणा विकत घेणं.

फिटिंगच्या वेळी उभे राहा

टायर घेताना साईडवॉलवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर न वापरताही कडक होत जातं.

असिमेट्रिक (आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळ्या) नक्षीच्या टायरवर "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर दिसली पाहिजे. दिशादर्शक बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. घाईत एखादं चाक उलटं बसतं, आणि मग ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते, आवाजही वाढतो. रबरी व्हॉल्व्ह टायरसोबत नवाच घाला. जुना तडकला की हवा हळूहळू जाते आणि संशय नव्या टायरवर येतो.

नट आवळताना गनने धडाधड आवळू देऊ नका. आधी हाताने, मग गाडी खाली टेकवून टॉर्क पान्ह्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळू देणाऱ्या), एकाआड एक समोरासमोरचा नट. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांना १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतो, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच धरा. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. टायरच्या दाबाचा दिवा असेल आणि तो चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेणारा असेल, तर टायर बदलल्यावर हवा नीट भरून तो रीसेट करावा लागतो.

नवा टायर पहिले २००-३०० किलोमीटर जरा घसरडा आणि ढिला वाटतो. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर अजून निघालेला नसतो. शिवाय नव्या नक्षीची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते, म्हणून तिचे ठोकळे किंचित हलतात. गोटा झालेल्या जुन्या टायरनंतर स्टिअरिंग उशिरा ऐकतंय असं वाटेल. त्यावर हवा वाढवण्याचा उपाय करू नका.

थरथर, ओढ आणि घूं-घूं

८० ते ११० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (वजन सगळीकडे सारखं असणं) बघा. सीट थरथरत असेल तर मागच्या. मशिनवर चढवण्याआधी रिमच्या आतला चिखल धुवायला सांगा. वाळलेल्या चिखलाचा एक गोळा बॅलन्सिंग बिघडवायला पुरतो, आणि चिखलासकट वजनं लावली तर तो पडल्यावर पुन्हा थरथर सुरू. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर टायर सोडा, डिस्क तपासा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी चारी चाकांची हवा. मग, टायर दिशादर्शक बाणाचे नसतील तर, पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. ओढ उलट बाजूला गेली किंवा नाहीशी झाली तर कारण टायरमध्ये. तशीच राहिली तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा अडकलेला ब्रेक.

आवाजाची तक्रार बहुधा काही हजार किलोमीटरनंतर येते, आणि लोक म्हणतात टायर खराब निघाला. इथे हात वापरा. गाडी उभी करून नक्षीवरून तळवा आधी पुढे, मग मागे फिरवा. तारा बाहेर आल्या असतील किंवा काच रुतली असेल तर मात्र हात लावू नका. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचलं, तर ठोकळ्यांची एक कड झिजून दुसरी उंच राहिली आहे. घूं-घूं तिथूनच येते. वेळेवर रोटेशन (चाकांच्या जागा आपसात बदलणं) न करणं, बिघडलेला टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही त्याची नेहमीची कारणं. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला रोटेशन करा. बाण असलेले टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागे. फार झिजलेल्या टायरचा आवाज नंतर अलाइनमेंट करूनही लगेच जात नाही.

बेअरिंगचा आवाजही असाच घुमतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो, तर टायर. मोकळ्या रस्त्यावर डावीकडे हलकं वळवताना वाढतो आणि उजवीकडे कमी होतो, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्या.

दोनच टायर बदलताना

नवे मागे घाला, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. पाण्याच्या थरावर पुढची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं होऊन कळतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर ती परत मिळते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि सावरायला क्षणच मिळतो.

साईडवॉलवरचा खळगा आणि फुगा

साईडवॉलवर आत दबलेली उभी रेघ दिसली की अनेक जण घाबरतात. आतल्या कापडाचा जोड तिथे असतो, आणि अशी दबलेली रेघ निर्धोक असते. बाहेर आलेला फुगा मात्र वेगळा: आतले धागे तुटलेत, हवा फक्त रबर अडवून धरतंय. त्याला पॅच नाही. हवा कमी करून चालवू नका, स्टेपनी लावा आणि तो टायर काढून टाका.