ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लिथियम घेताय का, मग हे बघा

बायपोलरसाठी (मूड टोकाचा वर-खाली होणारा आजार) लिथियम चांगलंच औषध आहे, १९४९ पासून वापरात आहे, मूडचे झटके कमी करतं आणि आत्महत्येचा धोकाही कमी करतं, पण याला मीठ-पाण्याचा हिशोब लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. घाम गेला, पाणी कमी पडलं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली लेव्हल चढते.

म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. बीपी वाढलं म्हणून आपल्या मनाने मीठ एकदम बंद करू नका. निर्जळी उपवास तर नकोच, आई कितीही रागावली तरी.

लेव्हलची टेस्ट शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, म्हणजे रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. साधारण ०.६ ते १.० (mEq/L) ठीक. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) दर सहा महिन्यांनी.

गुडघे दुखले की मेडिकलवाला सर्रास डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन देतो, त्याने लेव्हल वाढते, त्याला आधीच सांगा की लिथियम चालू आहे.

हात थोडे थरथरणं, तहान लागणं बऱ्याच जणांना होतं. पण उलट्या-जुलाब, चहाचा कप धरवेना इतकी थरथर, तोल जाणं, बोलणं जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता सरळ इमर्जन्सीत जायचं, "लू लागली असेल" म्हणून पन्हं पाजत बसू नका. एरवी मात्र बरं वाटतंय म्हणून गोळी अचानक सोडू नका, आजार उलटतो.