दोन कोंबडे, एक परसू

आते लेकाकडे मुंबईला गेली आणि तिच्या सात कोंबड्या कोंबड्यासकट आमच्या गुहागरच्या परसात आल्या. माझ्या बारा होत्याच, वर एक कोंबडा. सकाळी सगळी एकत्र सोडली. दहा मिनिटांत दोन्ही कोंबड्यांचे तुरे रक्ताने माखले. घमेलं उलटं घालून एकाला कोंडला, तेव्हा सुटले.

आणखी एक चूक नंतर लक्षात आली. नवी पाखरं आधी लांब, वेगळी ठेवायला हवी होती. राणीखेत (कोंबड्यांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा रोग) असता तर दोन्ही खुराडी रिकामी झाली असती.

मग पाहुणे मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, हलवले. तीन आठवडे आजाराची काही खूण दिसली नाही, तेव्हा परसात मधोमध तारेची जाळी ठोकली. मासेमारीचं जुनं जाळं फुकट होतं, पण त्यात नखं अडकतात. एकमेकांना बघायचं, टोचायचं नाही, असे दहा दिवस. पहिले दोन दिवस दोघे जाळीला छाती लावून उभे; खाणंही विसरले!

अकराव्या रात्री, काळोखात, नव्यांना उचलून जुन्यांच्या दांड्यावर बसवलं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून गडबड होत नाही. उजाडायच्या आत दार उघडलं. दाणा-पाणी दोन टोकांना, मध्ये माडाच्या झापांचा आडोसा. हरलेल्याला नजरेआड व्हायला जागा हवीच.

थोडी झटापट झाली, रक्त नाही. आतेचा कोंबडा आता फणसाखालची बाजू सांभाळतो. आमचा आरवल्याशिवाय तो आरवत नाही.