काचघरातले मँटिस: कोण कोणाबरोबर नांदतं

गच्चीवरच्या काचघरात मावा (झाडांचा रस शोषणारी बारीक कीड) झाला, तो खायला म्हणून दोन मँटिस, म्हणजे शिकारी किडे, एकत्र सोडले: मोठी हिरवी हिरोड्युला आणि चिमुकला फुलमँटिस. घोडचूक! तिसऱ्या सकाळी जास्वंदीच्या पानावर नुसते दोन रंगीत पंख, आणि वर बाईसाहेब पुढचे पाय तोंडाने साफ करत बसलेल्या.

तिला बाहेर कढीपत्त्यावर सोडलं. आत आता फक्त व्हायोलिन मँटिस, म्हणजे दक्षिण भारत-श्रीलंकेतला गाँगिलस. पोट भरलेलं असलं की हे सहसा एकमेकांना खात नाहीत. पण खाणं उडतंच हवं: माश्या, पतंग. ३५ अंशांतही खुशीत. कोरडी हवा मानवते, म्हणून फवारणी बेताचीच. कात टाकताना उलटे लटकतात, त्यासाठी छताला जाळी बांधली.

मावा अजून तिथेच आहे, ते सोडा.