मुलाची उंची कमी आहे: ग्रोथ हार्मोनचा निर्णय पालकांनी कसा घ्यावा

शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत मूल कायम सर्वांत पुढे उभे राहते, एवढ्यावरून त्याला ग्रोथ हार्मोनच्या, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या, इंजेक्शनांची गरज आहे असे ठरत नाही. शंभर निरोगी मुलांची उंची मोजली, तर त्यांतील सर्वांत बुटकी तीन मुले वाढीच्या तक्त्यावरील तिसऱ्या पर्सेंटाइल नावाच्या रेषेखालीच असणार. म्हणून मूल किती बुटके आहे याच्या आधी ते वर्षाला किती वाढते आणि कमी वाढत असल्यास का, हे दोन प्रश्न पालकांनी धरून ठेवावेत.

वाढीचा वेग घरीही मोजता येतो, पण मोजणी नीट झाली पाहिजे. बूट-मोजे काढून, वेणी किंवा अंबाडा सोडून मुलाला भिंतीला टेकवून उभे करावे. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला लागलेली असावी, नजर समोर असावी आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून खूण करावी. मोजणी दरवेळी दिवसाच्या एकाच वेळी करावी, कारण सकाळच्या तुलनेत संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. दोन मोजण्यांत किमान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे; तीन महिन्यांनी मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, तर वार्षिक वेगाच्या हिशेबात तीच चूक दोन सेंटिमीटरची होते. मूल पहिल्या वर्षी साधारण २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी १० ते १२, आणि चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६. या मधल्या काळात वेग ४ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर मूल दिसायला फारसे बुटके नसले तरी तपासणी करून घ्यावी. जुने लसीकरण कार्ड आणि शाळेतील आरोग्य तपासणीच्या नोंदी शोधून काढाव्यात. डॉक्टरांना त्यांचा उपयोग एखाद्या महागड्या चाचणीइतकाच होतो.

त्यानंतर आई-वडिलांच्या उंचीचा हिशेब करावा. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी वजा करावेत आणि आलेल्या संख्येला दोनने भागावे. वडील १६४ आणि आई १५० सेंटिमीटर असतील, तर मुलाची अपेक्षित उंची १६३.५ आणि मुलीची १५०.५ येते. प्रत्यक्षात यापेक्षा आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. अशा घरातील मुलगा तक्त्यावर खालच्या रेषेजवळ, पण त्या रेषेला धरून सातत्याने वाढत असेल, तर तो बहुधा आपल्या घराण्याच्या उंचीनेच वाढत आहे. वडिलांची उंची दहावीनंतर अचानक वाढली होती किंवा आईची पाळी उशिरा सुरू झाली होती, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. “आमच्याकडे सगळे उशिराच वाढतात,” हे आजीचे म्हणणे अनेकदा खरे निघते. मात्र ते हाडांच्या वयाच्या, म्हणजे हाडे किती परिपक्व झाली हे दाखवणाऱ्या, एक्स-रेने पडताळून घ्यावे, केवळ त्यावर विसंबून वर्षे घालवू नयेत.

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे आणि त्यापुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आपल्याकडे वापरले जातात. बालरोगतज्ज्ञ प्रथम रक्तक्षय, मूत्रपिंड, थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार आणि पोषण हे सर्व पाहतात. थायरॉइड कमी असेल किंवा दम्यासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, तर वाढ खुंटण्याचे कारण तिथेच सापडू शकते. मुलगी असेल आणि कारण सापडत नसेल, तर गुणसूत्रांची तपासणी टाळू नये, कारण टर्नर सिंड्रोममध्ये (मुलींतील एक्स गुणसूत्राच्या जन्मजात दोषात) कित्येकदा कमी उंची हेच एकमेव ठळक लक्षण असते. कमी वाढीबरोबर सकाळची डोकेदुखी, उलट्या, नजर मंदावणे किंवा सतत तहान लागणे दिसत असेल, तर सहा महिने थांबून मोजत बसू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. मेंदूतील, ग्रोथ हार्मोन तयार करणाऱ्या पीयूष ग्रंथीजवळ गाठ नाही ना, हे तातडीने पाहावे लागते.

ग्रोथ हार्मोनची खरी चाचणी अनेक पालकांच्या अपेक्षेपेक्षा किचकट असते. हे हार्मोन रक्तात लाटांसारखे, मुख्यतः झोपेत स्रवते. त्यामुळे दिवसा सहज घेतलेल्या एका नमुन्यावरून काहीच निदान होत नाही आणि तसा अहवाल दाखवून कोणी इंजेक्शन सुचवत असेल, तर दुसरे मत घ्यावे. योग्य चाचणीत मूल रात्रीपासून उपाशी असते, हाताला सलाइनची सुई लावली जाते, हार्मोन स्रवायला लावण्यासाठी क्लोनिडिनची गोळी किंवा ग्लुकागॉनचे इंजेक्शन देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतले जाते. क्लोनिडिनने मुलाला गुंगी येते आणि रक्तदाब उतरतो, म्हणून ही चाचणी देखरेखीखालीच व्हावी. चाचणीनंतर खायला मुलाच्या आवडीचा डबा आणि एखादे चित्रांचे पुस्तक सोबत न्यावे. निरोगी मुलांचाही एखाद्या चाचणीत प्रतिसाद कमी येतो, म्हणून सहसा दोन वेगळ्या चाचण्या केल्या जातात आणि कमतरता ठरल्यावर पीयूष ग्रंथीचा एमआरआय काढला जातो.

आता निर्णयाविषयी. कमतरता सिद्ध झाली असेल, तर माझ्या मते फार घोळ घालू नये: अशा मुलाचा वेग पहिल्या वर्षात अनेकदा दुप्पट होतो आणि उपचार जितका लवकर सुरू होईल तितका फायदा अधिक. टर्नर सिंड्रोम, मूत्रपिंडाचा दीर्घ आजार, प्रेडर-विली सिंड्रोम हा जनुकीय आजार आणि जन्मतः लहान असून चार वर्षांनंतरही भरून न निघालेली वाढ, यांतही उपचाराला आधार आहे. खरी ओढाताण होते ती सर्व चाचण्या निर्दोष असलेल्या, केवळ बुटक्या मुलाच्या बाबतीत. अमेरिकेत २००३ पासून अशा मुलांपैकी फार कमी उंचीच्या मुलांसाठी हे औषध मान्य आहे. परंतु काही वर्षे रोज इंजेक्शन दिल्यावर सरासरी लाभ पाचेक सेंटिमीटरचा दिसतो, तोही प्रत्येकाला सारखा मिळत नाही. तेवढ्यासाठी उपचार न करण्याचा निर्णय घेणारे पालक निष्काळजी ठरत नाहीत. फुटबॉलपटू मेस्सीचे उदाहरण अशा वेळी हमखास पुढे येते, पण त्याला हार्मोनची कमतरता होती, हे त्यात विसरले जाते. उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि दाराच्या चौकटीला लोंबकळणे यांचा उपयोग होत नाही, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही.

खर्चाचा हिशेब सुरुवातीलाच कागदावर मांडावा. कमतरतेत मात्रा साधारणतः दर किलोमागे रोज २५ ते ३५ मायक्रोग्रॅम असते, म्हणजे २० किलोच्या मुलाला महिन्याला १५ ते २१ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. विक्रेते कधी मिलिग्रॅममध्ये तर कधी युनिटमध्ये भाव सांगतात, म्हणून तुलना एकाच मापात करावी. वजन ४० किलो झाले की खर्चही दुप्पट होतो, ही गोष्ट पहिल्या महिन्याच्या बिलावरून लक्षात येत नाही. पैशांअभावी मध्येच थांबावे लागेल अशी परिस्थिती असेल, तर आधीच रुग्णालयातील सामाजिक कार्यकर्त्यांशी बोलावे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सिद्ध झालेली ग्रोथ हार्मोनची कमतरता, टर्नर आणि प्रेडर-विली यांचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

इंजेक्शन रात्री झोपण्यापूर्वी मांडीत, पोटावर किंवा नितंबावर त्वचेखाली दिले जाते, आणि रोज जागा बदलावी लागते. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे. ते बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नये, कारण एकदा गोठलेले औषधाचे पेन (इंजेक्शनचे साधन) टाकूनच द्यावे लागते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात किंवा सुटीत गावी जाताना याची सोय आधी पाहावी. आठवड्यातून एकदा घेण्याची इंजेक्शनेही आता निघाली आहेत. ती आपल्या भागात नियमित मिळतील का, हे विचारून मगच बदल करावा.

दुष्परिणाम विरळ असले तरी पालकांना ते ओळखता आले पाहिजेत. उलट्यांसह तीव्र डोकेदुखी किंवा नजरेत फरक जाणवणे, अचानक लंगडणे, गुडघा अथवा खुबा दुखणे, पाठीचा बाक वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मुलाला कर्करोग असेल, तर हा उपचार दिला जात नाही. थायरॉइड आणि साखरेच्या तपासण्या अधूनमधून होत राहतात.

सात-आठ वर्षांच्या मुलाशी या सगळ्याबद्दल स्वतंत्रपणे बोलावे. त्याला त्रास नेमका कशाचा होतो, उंचीचा की “टिल्लू” म्हणणाऱ्या मुलांचा, हे त्याच्याकडूनच कळते, आणि दुसऱ्या गोष्टीवरचा इलाज शाळेत असतो.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना थांबण्याची अटही विचारून घ्यावी. पहिल्या वर्षात वेग अपेक्षेइतका वाढला नाही, तर इंजेक्शने चुकली का, थायरॉइड घसरले का, निदान बरोबर होते का, हे पाहून उपचार बंद करण्याचाही विचार होतो. एरवी वेग वर्षाला दोन सेंटिमीटरच्या खाली आला किंवा हाडांचे वय मुलींत १४ आणि मुलांत १६ च्या आसपास पोहोचले, की उंचीसाठीचा उपचार संपतो. कमतरता असलेल्या मुलांची त्यानंतर किमान महिनाभर औषध थांबवून पुन्हा चाचणी करतात, कारण काहींना मोठेपणीही अल्प मात्रेत ते चालू ठेवावे लागते.