जुन्या कारच्या टेपला एमपी३ प्लेअर जोडताना

आधी टेपच्या तोंडावर नीट पाहा. ३.५ मिमीचं ऑक्स भोक असेल तर दोन्हीकडे मेल पिन असलेली साधी वायर पुरते. ते नसेल आणि कॅसेटचा खण असेल, तर कॅसेट अडॅप्टर (कॅसेटच्या आकाराचा, प्लेअरला वायरने जोडायचा) घ्या. एफएम ट्रान्समीटरपेक्षा (प्लेअरचं गाणं कारच्या रेडिओवर पाठवणाऱ्या यंत्रापेक्षा) आवाज बराच स्वच्छ येतो.

अडॅप्टर घालण्याआधी टेपचं हेड (कॅसेट वाचणारा आतला भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. त्यावरचा तपकिरी थर निघेपर्यंत पुसा, कारण त्यानेच आवाज दबका येतो. प्लेअरचा आवाज साधारण पाऊणपर्यंत ठेवा आणि बाकीचा टेपवर वाढवा. पूर्ण ठेवलात तर गाणं फाटतं. टेप सारखी बाजू बदलत असेल किंवा अडॅप्टर बाहेर फेकत असेल, तर अडॅप्टरच्या आतली चाकं अडकलेली असतात. टेपला वाटतं, कॅसेट संपली.

प्लेअर चार्जिंगला लावला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी किणकिण येते? तो ग्राउंड लूप, म्हणजे चार्जर आणि ऑडिओ वायर दोन्हींच्या ग्राउंडमधून विजेचं वर्तुळ तयार होऊन येणारा आवाज. चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर ऑक्स वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा.

ट्रान्समीटरच वापरायचा असेल तर रिकामी फ्रिक्वेन्सी शोधा. संभाजीनगरात रिकामी असलेली नांदेडला रिकामी असेलच असं नाही.

मागची वायरिंग उघडायची असेल तर कारची बॅटरी काढण्याआधी टेपचा सिक्युरिटी कोड हाताशी ठेवा. काही टेप त्याशिवाय परत सुरूच होत नाहीत.

आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लेअर, अडॅप्टर डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. प्लास्टिक वाकतं, बॅटरी फुगते.