महाविद्यालयात वैविध्याची व्याख्यानमाला कशी भरवावी

खानदेशातल्या महाविद्यालयांत व्याख्यानमालेची बैठक बसली की पहिला प्रश्न येतो, "कोणाला बोलवायचं?" नाव ठरतं, तारीख मिळते आणि विषय पाहुण्यांवर सोपवला जातो. मग 'विविधतेतून एकता' अशा गोलमोल मथळ्याखाली पाहुणे आपलं नेहमीचं भाषण करून जातात, जोडीला एक आदिवासी नृत्य होतं आणि अहवालात वैविध्य नोंदलं जातं. हे टाळायचं असेल तर आधी प्रश्न ठरवा, मग वक्ता शोधा, तारीख सगळ्यात शेवटी.

विषय

विषय एका वाक्यात, प्रश्नचिन्हासकट लिहिता आला पाहिजे. 'आदिवासी संस्कृती' एवढ्यावर कोणीही काहीही बोलू शकतं. त्याऐवजी असं लिहा: 'वन हक्क कायदा २००६ खाली केलेला सातपुड्यातल्या गावाचा सामूहिक दावा नेमका कोणत्या टेबलावर अडतो?' भाषेवर ठेवायचं असेल तर 'घरात पावरी, भिली किंवा मावची बोलणारं मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडतं तेव्हा शिक्षकाने काय करावं?' भटक्या-विमुक्तांवर ठेवायचं असेल तर १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी संशय का उरला, हे विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा हा तर नंदुरबार-धुळ्याचा घरचाच विषय. असे प्रश्न समोर असले की वक्त्याला तयारी करावी लागते, आणि ऐकणाऱ्याला आपण कशासाठी बसलोय ते कळतं.

एका सत्रात चार व्याख्यानं पुरेत, फार तर पाच. आठ ठेवली की शेवटच्या तीनला वर्ग सोडून मुलं हॉलमध्ये हाकावी लागतात. विषय ठरवणाऱ्या समितीत एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी आणि आयक्यूएसीचे (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे) समन्वयक असतातच. त्यांच्याबरोबर वसतिगृहातले दोघे-तिघे विद्यार्थी बसवा. कोणत्या गोष्टीवर मुलं रात्री वाद घालतात, हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं.

वक्ते

प्रत्येक विषयाला दोन माणसं घ्या: एक नामवंत, एक इथला जाणकार. नावामुळे हॉल भरतो. पण नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या गावाचा वन हक्काचा दावा कसा फिरला, ते ग्रामसभेत बसलेला माणूसच सांगू शकतो. दोघांना वेळ सारखा, खुर्ची सारखी आणि मानधनही सारखंच द्या. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पाकीट, गाडी आणि हॉटेल. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या कार्यकर्त्याला शाल आणि नारळ. मुलं हे पाहत असतात.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. तृतीयपंथी वकिलांना बोलावतात आणि त्यांच्याकडून फक्त 'संघर्ष' ऐकायचा असतो. अंध प्राध्यापकांना अर्थशास्त्र सोडून अंधत्वावर बोलायला लावतात. माणूस ज्या कामात मुरलेला आहे त्या कामावर बोलवा. स्वतःबद्दल सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील. पत्रिकेवर 'आदिवासी कवयित्री', 'दिव्यांग उद्योजक' अशी बिरुदं लावण्याआधी त्यांना विचारा. 'समाजाच्या प्रतिनिधी' तर लिहूच नका, एका माणसाच्या डोक्यावर अख्खा समाज कशाला द्यायचा? परिचय त्यांच्याकडूनच लेखी मागवा, १०० शब्दांत. नावाचा उच्चार फोनवर ऐकून घ्या.

पत्र दहा आठवडे आधी जाऊ द्या. त्यात एवढं हवंच: प्रश्नरूपी विषय, दोन पर्यायी तारखा, बोलण्याची मिनिटं, श्रोते कोण (बहुतेक पदवीचे, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले), मानधनाचा आकडा, प्रवासाची सोय आणि चित्रीकरणाला परवानगी. मानधनाचा आकडा लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. तो न लिहिल्याने होणारा संकोच नंतर दोन्हीकडे असतो. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन, आणि तरीही नाही आलं तर पुढचं नाव.

तारीख

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, एप्रिल-मेमध्ये भरणारी. तिची नक्कल जळगाव-भुसावळला करू नये. त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि परीक्षाही चालू असतात. संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक वैविध्य दिन २१ मेला येतो, तोही याच कारणाने सोडून द्या. जुलैचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर, आणि डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, या दोन खिडक्या मोकळ्या.

त्यातही स्थानिक पंचांग पाहावं लागतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जन असतं. त्या सोमवारी अर्धा वर्ग गावी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. फेब्रुवारी हुकला आणि तारीख मार्चमध्ये ढकलली, तर होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, त्या काळात नंदुरबार-शहाद्याकडच्या वसतिगृहांत कोणी सापडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी तशीही पातळ होते. खिडकीबाहेरची एक तारीख मात्र मोहात पाडते: ३ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय अपंग दिन आणि कवयित्री बहिणाबाई चौधरींची पुण्यतिथी एकाच दिवशी येतात. त्यांच्याच नावाच्या आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्रमाशी टक्कर नको असेल तर आपलं व्याख्यान एक दिवस अलीकडे घ्या.

वेळ सकाळी ११ ची. संध्याकाळी ५ ला ठेवलेलं व्याख्यान पाहुण्यांना सोयीचं पडतं, पण गावाकडच्या मुलींची एसटी त्याच सुमारास सुटते. त्या येत नाहीत, आणि मग "मुली कार्यक्रमांना बसतच नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

प्रवासाचं तिकीट काढताना खानदेश म्हणजे एकच स्टेशन समजू नका. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव मुंबई-भुसावळ मार्गावर. नंदुरबार आणि अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर. धुळ्याचा फाटा चाळीसगावहून. नंदुरबारला येणाऱ्या पाहुण्यांना जळगावला उतरवलं तर पुढे जवळजवळ दीडशे किलोमीटर उरतात आणि ते दमूनच व्यासपीठावर येतात.

हॉल

चाकाच्या खुर्चीवरचे वक्ते येणार असतील तर आधी टेप घेऊन जा. उताराचं प्रमाण १ ला १२ असावं लागतं; म्हणजे तीन फूट उंच व्यासपीठाला ३६ फुटांचा उतार. तो कुठल्याच हॉलमध्ये बसत नाही. फळी टाकून चौघांनी उचलून वर नेणं हा त्या माणसाचा जाहीर अपमान आहे. सरळ उपाय: त्या दिवशी सगळ्यांच्याच खुर्च्या खाली, श्रोत्यांच्या पातळीवर मांडा. स्वच्छतागृहाचा दरवाजाही मोजा. ९० सेंटीमीटर मोकळे मिळाले तर उत्तम. सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतात, दर २० मिनिटांनी पाळी बदलायला, आणि त्यांच्या तोंडावर उजेड हवा. प्रोजेक्टरसाठी सगळे दिवे घालवले की त्यांचे हात दिसत नाहीत.

आवाजाची शिट्टी बहुतेक वेळा एकाच कारणाने येते: स्पीकरचे खोके माइकच्या मागे किंवा बाजूला असतात. ते माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. कॉलर माइकवर भरवसा ठेवू नका, हातातला एक चालू अवस्थेत बाजूला असू द्या, नवे सेल घालून. चित्रीकरणाला आवाज मोबाइलवरून न घेता मिक्सरमधून तार काढून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते.

तो दीड तास

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, सात जणांचे सत्कार, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत: यात पाऊण तास सहज जातो आणि पाहुण्यांना "थोडक्यात" अशी चिठ्ठी जाते. व्यासपीठावर तीनच खुर्च्या ठेवा, सत्काराचा प्रश्न आपोआप सुटतो. ११ ला सुरुवात, ११.०८ ला पहिला वक्ता, दोघांना २५-२५ मिनिटं, ११.५८ ते १२.२८ प्रश्न, दोन मिनिटं आभार. प्राचार्यांचं मनोगत पत्रिकेत छापा, त्यांनाही बरं वाटतं.

वक्ते हिंदी-इंग्रजीत बोलणार असतील आणि वाक्यागणिक मराठी होणार असेल तर वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. २५ मिनिटांच्या जागी १३ मिनिटांचा मजकूर मागवा आणि दोन पानी मराठी टिपण आधी वाटा. पावरीत किंवा अहिराणीत बोलणारे जाणकार असतील तर त्यांना मराठीत ओढू नका. दुभाषा त्यांच्याही शेजारी बसवा. बाहेरच्या पाहुण्यांना जी सोय, तीच त्यांना.

प्रश्नांसाठी उभा माइक ठेवला तर तीच चार मुलं आणि एक निवृत्त गृहस्थ बोलतात. दाराशीच प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. दोन विद्यार्थी पहिल्या वक्त्याच्या वेळीच गोळा करायला लागतात, सारख्या आशयाच्या एकत्र करतात. पहिले तीन प्रश्न चिठ्ठ्यांतून, मग माइक. प्रश्न अहिराणीत, भिलीत विचारला तरी चालेल हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावं. नाहीतर शुद्ध मराठीच्या धास्तीने हात खाली राहतात. शरीराबद्दलचे, "तुमच्यात लग्नं कशी होतात" छापाचे प्रश्न सूत्रसंचालकाने बाजूला ठेवावेत, पाहुण्यांवर ती पाळी येऊ देऊ नये. जातीवर किंवा धर्मावर टोमणा असलेली चिठ्ठी वाचून दाखवू नका. मात्र त्यामागे खरा प्रश्न असेल तर तो नीट शब्दांत विचारा. गोंधळाची शक्यता असेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी द्या आणि पाहुण्यांनाही त्याची कल्पना द्या.

पैसे आणि कागद

बँकेचा तपशील आणि पॅन पत्राबरोबरच मागवा. टीडीएसचं (मानधनातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचं) लेखा विभागाशी आधी बोलून ठेवा, म्हणजे हाती किती पडतील ते वक्त्यांना सांगता येतं. स्थानिक जाणकारांचे पैसे त्याच दिवशी द्या. महिनाभर "बिल वर गेलंय" ऐकायला त्यांना तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. हजेरीला क्यूआर कोड ठेवलात तरी रजिस्टर बाजूला असू द्या, भरलेल्या हॉलमध्ये नेटवर्क बसतं. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाईलसाठी जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, चार फोटो, हजेरी, पत्रिका आणि दोन पानी अहवाल पुरतो. अहवालात सत्काराची नावं कमी आणि चिठ्ठ्यांतले प्रश्न जसेच्या तसे उतरवा. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो वक्त्यांना पाठवा. बरेच जण उत्तरं लिहून पाठवतात, ती वसतिगृहाच्या फलकावर लावा.