अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशात मार्कांचं वजन किती? या चुका टाळा

अमेरिकेतल्या 'होलिस्टिक' (मार्कांसोबत निबंध, उपक्रम असं सगळंच बघून दिल्या जाणाऱ्या) प्रवेशाचा विषय निघाला की दोन टोकांची मतं ऐकू येतात. मार्कांना आता कोण विचारतो, प्रोफाइल बनवा, हे एक. शेवटी मार्कच चालतात, बाकी सगळी सजावट, हे दुसरं. या दोन्ही समजुतींपायी चांगल्या मुलांचे अर्ज बिघडतात.

कमी मार्क प्रोफाइलने भरून काढायला जाणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. इथला अभ्यास या मुलाला झेपेल का, हे अर्ज वाचणारा आधी बघतो, आणि त्याचं उत्तर तो ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे शाळेतले विषय आणि ग्रेड यांच्या अधिकृत नोंदीत, शोधतो. क्लब, समाजसेवा, निबंध यांचा नंबर त्यानंतर. खात्री करायची असेल तर कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' टाकून शोधा आणि सी७ हा तक्ता उघडा. कुठला घटक 'अतिशय महत्त्वाचा' आणि कुठला 'विचारात घेत नाही', हे तिथे कॉलेजनेच खुणा करून सांगितलेलं असतं. चुरशीच्या कॉलेजांत विषयांची काठिण्यपातळी आणि ग्रेड बहुधा पहिल्याच रकान्यात सापडतात. समुपदेशकाच्या ठाम मतापेक्षा हा फुकटचा तक्ता मला जास्त भरवशाचा वाटतो.

पैकीच्या पैकी आहेत म्हणून निर्धास्त राहणं

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात जिल्हा न्यायालयाने २०१९ साली जो निकाल दिला, त्यात एका वर्षाची आकडेवारी आहे. अमेरिकेतूनच सुमारे २६ हजार अर्ज, त्यातल्या ८ हजारांहून अधिक मुलांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) पैकीच्या पैकी, आणि प्रवेश मिळणार २ हजारांच्या आसपास मुलांना. अशा गर्दीत आणखी अर्धा मार्क कमावून काही हाती लागत नाही. तो वेळ निबंधाला द्यावा.

फक्त जीपीएचा आकडा सांभाळणं

समजा, शाळेत एपी (कॉलेजच्या पातळीचा) कॅल्क्युलस आहे. इंजिनिअरिंगला जायचं म्हणणाऱ्या मुलाने 'ए' हुकेल या धास्तीने सोपं गणित घेतलं. जीपीए ४.० शाबूत राहिला. पण अर्जासोबत शाळा आपलं 'स्कूल प्रोफाइल'ही पाठवते. कुठले एपी किंवा आयबी विषय उपलब्ध आहेत, ग्रेड कशा दिल्या जातात, हे त्यात लिहिलेलं असतं. ते ट्रान्सक्रिप्टशेजारी ठेवलं की पळवाट लगेच उघडी पडते. उलट, शाळेत एपी नसतीलच तर ते न घेतल्याबद्दल कोणी बोट दाखवत नाही.

मग एपीत 'बी' बरा की साध्या विषयात 'ए'? प्रवेश कार्यालयांचं ठरलेलं उत्तर 'एपीत ए', ज्याचा कुणालाही उपयोग नाही! माझं मत: एखादा 'बी' परवडतो, 'सीं'ची रांग परवडत नाही. झेपतील तेवढेच अवघड विषय घ्या. आणि शेजाऱ्याच्या मुलाचा ४.६ मनाला लावून घेऊ नका. तो वेटेड, म्हणजे अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेला असतो, आणि बरीच कॉलेजं जीपीए आपल्या पद्धतीने नव्याने काढतात.

आलेखही बघितला जातो. नववीतला 'सी' अकरावीत 'ए' झाला, तर ते फारसं खटकत नाही; उतरता आलेख मात्र शंका निर्माण करतो. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या ऑनलाइन अर्जात) त्यासाठी वेगळी जागा आहे. तिथे चार ओळींत लिहा आणि शाळेच्या कौन्सेलरलाही कल्पना द्या. मुख्य निबंध त्यात खर्ची घालू नका.

टक्क्यांचा जीपीए स्वतःच काढणं

भारतीय बोर्डाचे टक्के २५ ने भागून ४ च्या पट्टीवर बसवू नका. गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा.

सगळ्यांना एकच नियम लावणं

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आपला जीपीए दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांवरून काढते आणि प्रवेशासाठी एसएटी ही परीक्षा बघतच नाही. म्हणजे तिथे ग्रेडवरचा भार आणखी वाढतो. एमआयटीने मात्र २०२२ मध्ये एसएटी-एसीटी पुन्हा सक्तीची केली. टेक्सासमध्ये तर राज्यातल्या शाळांत वर्गात वरच्या क्रमांकावर असलेल्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश देणारा कायदा १९९७ पासून आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात २०२६ च्या फॉल सत्रापासून ही मर्यादा वरच्या ५ टक्क्यांवर आली आहे. पण हवा तो मेजर (मुख्य विषय) मिळेलच असं नाही; कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयासाठी पुन्हा अख्खा अर्ज तपासला जातो.

प्रवेश मिळाल्यावर हात सैल सोडणं

ऑफर सशर्त असते. बारावीच्या मध्यावरचे ग्रेड आणि शेवटचं ट्रान्सक्रिप्ट कॉलेजला जातंच. 'ए'वाल्या मुलाचे अचानक 'डी' आले तर खुलासा मागतात, क्वचित ऑफरही काढून घेतात. घसरण होणार असं दिसलं, तर त्यांनी विचारण्याआधी मुलानेच (पालकांनी नव्हे) प्रवेश कार्यालयाला छोटा ईमेल करावा: कुठल्या विषयात, कशामुळे, आणि परीक्षेपर्यंत काय करतोय.